पापण्यांची सौंदर्यशस्त्रक्रिया: निर्णय घेण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

पापण्यांचं ऑपरेशन करून घ्यावं का, हे विचारायला येणारे बहुतेक जण आरशात काय खटकतं ते अगदी नेमकं सांगतात. ते कशामुळे झालंय, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतं. ऑपरेशनचा उपयोग होणार की नाही, हे त्या कारणावरच ठरतं. म्हणून इथली बरीचशी उत्तरं ऑपरेशनबद्दल कमी आणि त्याआधीच्या तपासणीबद्दल जास्त आहेत.

या ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय?

डॉक्टरी भाषेत याला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. वरच्या पापणीत जास्तीची सैल कातडी, गरज पडली तर तिच्याखालच्या स्नायूची बारीक पट्टी आणि थोडी चरबी काढतात. छेद पापणीच्या नैसर्गिक घडीत घेतात, त्यामुळे डोळा उघडा असताना तो झाकला जातो. खालच्या पापणीत बहुतेकदा पिशवीसारखी पुढे आलेली चरबी कमी करतात किंवा तीच खाली सरकवून गालाजवळचा खड्डा भरतात. हे काम पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तरातून करता येतं, तेव्हा बाहेर व्रण राहत नाही. कातडीही काढायची असेल तर छेद खालच्या केसांच्या ओळीला लागून घेतात.

पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ असते, एक मिलिमीटरहूनही कमी. तिच्याखाली डोळा मिटणारा गोल स्नायू, त्यामागे एक पातळ पडदा आणि पडद्याच्या मागे चरबी. वरच्या पापणीत चरबीचे दोन कप्पे असतात, खालच्या पापणीत तीन. वयानुसार पडदा सैल पडतो आणि मागची चरबी पुढे येते, म्हणजे पिशवी दिसते म्हणून तिथे चरबी वाढलीच असेल असं नाही. वरच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात चरबीचा कप्पा नसतो, तिथे अश्रुग्रंथी असते. तीच खाली घसरून फुगवटा दिसत असेल आणि चरबी समजून कापली गेली, तर डोळा कायमचा कोरडा पडू शकतो.

माझे डोळे सतत थकलेले दिसतात. ऑपरेशनने ते ताजे दिसतील का?

काही जणांचे दिसतील, काहींचे नाही. ‘थकलेला डोळा’ या एका तक्रारीमागे निदान पाच-सहा वेगळी कारणं असू शकतात: वरची सैल कातडी, पापणी उचलणारा स्नायू ढिला पडणं, खाली उतरलेली भुवई, खालच्या पिशव्या, डोळा आणि गाल यांच्यामधला खोलगट भाग, त्वचेचा काळेपणा. पुष्कळांना यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. ब्लेफरोप्लास्टी सैल कातडी आणि चरबी या दोनच गोष्टी नीट सुधारते. डोळ्यांच्या कडेच्या हसण्याच्या रेषा तिने जात नाहीत. गालाच्या हाडावर येणारा पाणीदार फुगवटाही जात नाही. अनेक जण त्यालाच डोळ्यांखालची पिशवी समजतात आणि मग ऑपरेशननंतर निराश होतात.

सकाळी फुगवटा जास्त आणि दिवसभरात तो कमी होत असेल, तर त्यात पाणी साचण्याचा वाटा मोठा आहे. ॲलर्जी, अपुरी झोप, थायरॉइडचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास, यांचा विचार आधी व्हायला हवा. चरबीची पिशवी सकाळ-संध्याकाळ जवळपास सारखीच दिसते, आणि नजर वर केली की आणखी ठळक होते.

पापणीवर कातडी लोंबणं आणि पापणी खाली येणं यात फरक काय?

खूप मोठा फरक आहे, आणि गफलत इथेच सगळ्यात जास्त होते. कातडी लोंबत असेल तर पापणीची कड जागेवर असते, तिच्यावर कातडीचा पडदा ओघळलेला असतो. पापणी खाली येण्याला टोसिस म्हणतात. त्यात पापणीची कडच खाली येते, कारण तिला उचलणारा स्नायू किंवा त्याची पातळ पट्टी ढिली झालेली असते. नुसती कातडी काढून टोसिस बरा होत नाही. डोळा तेवढाच मिटलेला राहतो.

ओळखायचं असेल तर आरशासमोर सरळ पाहा, भुवई सैल सोडा आणि बोटाने कातडी अलगद वर उचलून धरा. पापणीची कड बुबुळाच्या वरच्या काठाच्या थोडीच खाली दिसली तर ठीक. ती बाहुलीच्या जवळ आलेली असेल तर टोसिसची शंका घ्यावी. डॉक्टर बाहुलीच्या मध्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजतात. साधारणपणे ते चार ते पाच मिलिमीटर असतं.

दोन्ही बाजूंना टोसिस असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच संदेश पाठवतो. जास्त पडलेली पापणी उचलण्यासाठी तो जोर लावत असतो, आणि त्या जोरावर दुसरीही वर राहते. एक दुरुस्त केली की जोर कमी होतो आणि काल ‘चांगली’ दिसणारी दुसरी पापणी खाली येते. हे तपासणीच्या खोलीतच पाहता येतं: जास्त पडलेली पापणी बोटाने उचलून धरायची आणि दुसरी किती उतरते ते बघायचं.

पापणी सकाळी ठीक असते आणि संध्याकाळी पडते, किंवा मधूनमधून एकाचे दोन दिसतात, असं असेल तर हा सौंदर्याचा प्रश्न नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची तपासणी आधी झाली पाहिजे. आणि एक पापणी अचानक, तासाभरात किंवा एका दिवसात पडली, विशेषतः डोकेदुखी असेल किंवा दोन्ही बाहुल्यांचा आकार वेगवेगळा दिसत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डॉक्टर डोळ्यांऐवजी भुवयांबद्दलच का बोलत होते?

कारण वरच्या पापणीची कातडी भुवईला लटकलेली असते. भुवई उतरली की कातडी खाली गोळा होते. अशा वेळी पापणीतून भरपूर कातडी काढली तर भुवई आणखी खाली ओढली जाते आणि चेहरा रागीट दिसायला लागतो.

बऱ्याच जणांना आपण दिवसभर कपाळाचा स्नायू आवळून भुवया वर धरतो याची कल्पनाच नसते. कपाळावरच्या आडव्या आठ्या ही त्याची खूण. पापणीचा भार उतरला की कपाळ सैल होतं आणि भुवया खाली येतात. कित्येकांना हे सुखाचं वाटतं, संध्याकाळचं कपाळाचं जडपण जातं. पण दिसण्यात फरक पडतो आणि तो आधी सांगितलेला नसेल तर धक्का बसतो. म्हणून तपासताना डोळे मिटायला लावून, कपाळ हाताने सैल करून, मग हळूच डोळे उघडायला सांगतात. खरी पातळी तेव्हा कळते.

काळी वर्तुळं जातील का?

काळेपणा त्वचेतल्या रंगद्रव्याचा किंवा पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांचा असेल तर नाही. पिशवीची सावली पडून खालचा भाग काळा दिसत असेल तर बराच फरक पडतो. घरी पाहायचं तर हनुवटी वर करून समोरून उजेड घ्या. सावली असेल तर काळेपणा फिका पडतो, रंगद्रव्य असेल तर तसाच राहतो.

कोणत्या वयात करावं?

ठरलेलं वय नाही. बहुतेक जण चाळिशीनंतर विचार करतात. खालच्या पिशव्या मात्र घराण्यात असतील तर पंचविशीतही दिसतात आणि त्या वयात ऑपरेशन चुकीचं नसतं. वय जास्त असेल तर अडचण आकड्याची नसते, सोबतच्या आजारांची असते.

माझे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. ऑपरेशन करता येईल का?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण ऑपरेशननंतरचा खरा, रोजचा, महिनोन्महिने चालणारा त्रास बहुधा इथूनच सुरू होतो.

पापणी डोळ्याची राखण करते. दर मिटण्याबरोबर ती अश्रूंचा थर बुबुळावर पसरवते आणि झोपेत डोळा झाकून ठेवते. ऑपरेशननंतर काही दिवस ते काही आठवडे मिटण्याचा जोर कमी असतो, झोपेत बारीक फट राहू शकते. निरोगी डोळा हे सहज सोसतो. आधीच कोरड्या असलेल्या डोळ्याला ते जड जातं: जळजळ, उजेडाचा त्रास, धूसर दिसणं, आणि फट जास्त असेल तर बुबुळाला जखम.

म्हणून आधी कोरडेपणा मोजायचा. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीत टिपकागदाची बारीक पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती ओली झाली ते पाहतात. दहा मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर सावध व्हायचं. एक रंगीत थेंब घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो, हेही बघतात. डोळे गच्च मिटायला सांगून पापण्या बोटांनी उघडायचा प्रयत्न करतात, तेव्हा बुबुळ वर सरकलं पाहिजे. ज्यांचं ते सरकत नाही, त्यांच्या बुबुळाला झोपेत फट राहिली तर धोका जास्त.

डोळ्यांतून सारखं पाणी येणं हेही कोरडेपणाचं लक्षण असू शकतं. ‘मला तर उलट पाणी येतं’ असं म्हणून ही तपासणी टाळू नका.

कोरडेपणा सौम्य असेल तर आधी त्यावर उपचार करून, कातडी कमी काढून ऑपरेशन करता येतं. जास्त असेल, आणि तरीही एखादा डॉक्टर ‘काही होत नाही’ म्हणत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं लॅसिक झालं आहे. मी कॉन्टॅक्ट लेन्सही वापरायचे.

लॅसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लेझर ऑपरेशनमध्ये, बुबुळाच्या संवेदना काही काळ मंदावतात आणि कोरडेपणा वाढतो, म्हणून निदान सहा महिन्यांचं अंतर ठेवतात. लेन्स वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांच्या पापणीची उचलण्याची पट्टी ताणली जाऊन टोसिस होऊ शकतो, त्यामुळे लेन्सचा इतिहास आवर्जून सांगा. ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे लेन्स बंद असतात. नंबरचा चष्मा आधीच जवळ असू द्या.

डॉक्टरांना कोणते आजार सांगितलेच पाहिजेत?

सगळेच. पण काही न विचारताही सांगावेत. थायरॉइडच्या आजारात डोळे पुढे येतात, पापण्या वर ओढल्या जातात आणि सुजतात. तो आजार डोळ्यांत सक्रिय असताना ऑपरेशन करत नाहीत, निदान सहा महिने सगळं स्थिर राहिल्यावरच विचार होतो. रक्तदाब आटोक्यात नसेल तर रक्तस्रावाची भीती, मधुमेह आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाची. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर तेही सांगा: त्यातले काही थेंब दीर्घकाळ वापरल्यावर डोळ्याभोवतीची चरबी घटते आणि पापणी खोल जाते, मग आणखी चरबी काढणं चुकीचं ठरतं. चेहऱ्याचा लकवा होऊन गेला असेल, तोंडावर वा डोळ्यांत नागीण झाली असेल, जखमेचे व्रण जाड होत असतील, हेही सांगायचं.

पापणीच्या आतल्या कोपऱ्याजवळ पिवळसर चट्टे असतील तर रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घ्या. ते याच ऑपरेशनमध्ये काढता येतात, पण पुन्हा येऊ शकतात. न भरणारी पुळी, किंवा पापणीचे केस गळालेली एखादी गाठ दिसत असेल तर आधी तिचा तुकडा तपासायला पाठवावा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि या गटातल्या नव्या गोळ्या हृदयासाठी किंवा पक्षाघात टाळण्यासाठी दिलेल्या असतात. ज्या डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या, त्यांच्याशी तुमचे सर्जन बोलतील. कधी काही दिवस थांबवतात, कधी चालूच ठेवतात, आणि हृदयात नुकताच स्टेंट बसवला असेल तर ऑपरेशनच पुढे ढकलतात. दिसण्यासाठीच्या ऑपरेशनपायी जिवाचा धोका पत्करायचा नाही, यात दुमत नसावं.

लोक सांगायला विसरतात ती वेगळी यादी असते: डोकेदुखीसाठी घेतलेली आयब्युप्रोफेनसारखी गोळी, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या गोळ्या, गिंको, जिनसेंग. यांनीही रक्त गोठायला वेळ लागू शकतो. घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पाकिटं पिशवीत घालून तपासणीला घेऊन या, यादी आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

सिगारेट?

निदान चार आठवडे आधी बंद. जखम उशिरा भरते आणि व्रण बिघडतो. तंबाखू आणि व्हेपिंगलाही हेच लागू.

हे ऑपरेशन कुणाकडून करून घ्यावं?

डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जरीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ किंवा पापण्यांचं काम नेहमी करणारे प्लास्टिक सर्जन. पाटीवरच्या नावापेक्षा अनुभव बघा. हे काम नियमित करता का, आधी-नंतरचे तुमच्या स्वतःच्या रुग्णांचे फोटो दाखवाल का, ऑपरेशनच्या रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल आणि मला कुठे यायचं, दुरुस्ती लागली तर खर्च कुणाचा, हे सरळ विचारा. यातला रात्रीच्या फोनचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या ठिकाणी त्याचं उत्तर गुळमुळीत मिळेल, तिथे पुढे जाऊ नये.

तपासणी डॉक्टरांनी स्वतः करायला हवी. फोटो पाठवून किंवा सल्लागाराशी बोलून तारीख ठरत असेल आणि डॉक्टर थेट ऑपरेशनच्या टेबलाशीच भेटणार असतील, तर थांबा. ‘आजच नक्की केलंत तर सवलत’ असं ऐकू आलं, तर घरी परत जा.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यावं?

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे फोटो, न नटलेले, समोरून काढलेले. त्यावरून काय बदललं ते कळतं आणि तुमचा मूळ डोळा कसा होता तेही. वीस वर्षांच्या वयातही तुमची वरची पापणी भरलेली असेल, तर ती खोल आणि कोरीव करून घेतल्यावर तुम्ही तरुण दिसणार नाही, वेगळे दिसाल. डोळ्यांचा मेकअप करून जाऊ नका. आणि तुम्हाला नेमकं काय खटकतं ते एका वाक्यात लिहून न्या, कारण खोलीत गेल्यावर डॉक्टर जे दाखवतील त्यालाच माणूस मान डोलावतो.

भूल पूर्ण देतात का? कळतं का काही?

वरच्या पापण्यांसाठी बहुधा जागेवरची भूल पुरते, सोबत गुंगीचं औषध देतात. खालच्या पापण्या किंवा चारही एकत्र असतील तर जास्त गुंगी किंवा पूर्ण भूल देतात. वरच्या दोन्हींना पाऊण ते एक तास, चारही असतील तर दोन तास किंवा थोडं जास्त.

खूण करण्याचं काम भूल देण्याआधी, तुम्हाला सरळ बसवून होतं. आडवं झालं की कातडी आणि चरबी मागे सरकतात आणि अंदाज चुकतो. डॉक्टर आधी पापणीची घडी शाईने आखतात, मग बोथट चिमट्याने कातडी चिमटीत धरतात. पापणीचे केस जेमतेम वर वळायला लागतात, तिथे थांबायचं. डोळा उघडायला लागला म्हणजे चिमटीत जास्त कातडी आली. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान वीस मिलिमीटर कातडी उरली पाहिजे, म्हणजे डोळा पूर्ण मिटतो. काढलेली कातडी परत लावणं फार अवघड असतं, राहिलेली थोडी नंतर काढता येते. त्यामुळे ‘एकदाच काय ते सगळं काढून टाका’ असा आग्रह धरू नका.

इंजेक्शन टोचताना काही सेकंद चांगलंच झोंबतं. नंतर दुखत नाही, ओढल्यासारखं आणि दाबल्यासारखं जाणवतं. चरबी ओढताना कधी कधी हृदयाचे ठोके मंदावतात आणि मळमळतं. म्हणून छोट्या ऑपरेशनलाही नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारं यंत्र लावलेलं हवं.

दृष्टी जाऊ शकते का?

जाऊ शकते, अगदी क्वचित. हे स्पष्ट सांगायलाच हवं, कारण काय लक्ष ठेवायचं ते माहीत असलं तर ती वाचवता येते. डोळ्याच्या मागे रक्त साचलं तर खोबणीतला दाब वाढतो आणि दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा अडतो. असा रक्तस्राव साधारण दोन हजारांत एकाला होतो. त्यातून दृष्टी कायमची जाणं त्याहून कितीतरी विरळ, दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी. बहुतेक प्रकार पहिल्या चोवीस तासांत घडतात. टाके उघडून, कोपऱ्याचा बंध सोडवून दाब कमी केला तर दृष्टी वाचते, पण हे मिनिटांचं काम असतं, ‘उद्या सकाळी दाखवू’ चालत नाही. डोळ्यांवर घट्ट पट्टी सहसा बांधत नाहीत ती याचसाठी. पहिल्या दिवशी एकेक डोळा हाताने झाकून, भिंतीवरचं घड्याळ दिसतंय ना, हे दर दोन-तीन तासांनी पाहायचं.

याहून जास्त प्रमाणात होणारे त्रास तुलनेने सौम्य असतात: दोन डोळ्यांत थोडा फरक, डोळा पूर्ण न मिटणं, खालची पापणी किंचित ओढली जाऊन पांढरा भाग जास्त दिसणं, पांढऱ्या भागावर जेलीसारखी सूज, टाक्यांच्या ओळीत बारीक पांढरे दाणे. खालच्या पापणीत चरबीच्या दोन कप्प्यांच्या मधून डोळा फिरवणारा एक स्नायू जातो. त्याला इजा झाली तर एकाचे दोन दिसतात. म्हणूनच खालच्या पापणीचं काम वरच्यापेक्षा नाजूक मानतात. खालची पापणी सैल आहे का, ते आधी पाहतात: चिमटीत धरून डोळ्यापासून दूर ओढायची आणि सोडायची. पटकन परत चिकटली तर ठीक. हळूहळू परत आली, किंवा पापणी मिटल्यावरच जागेवर बसली, तर बाहेरच्या कोपऱ्याला आधाराचा टाका घ्यावा लागतो. ही तपासणी न करता खालच्या पापणीची कातडी काढली, तर पापणी बाहेर वळण्याची भीती असते.

नंतरचे दिवस कसे जातात?

पहिले दोन दिवस सूज वाढत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरसा पाहून घाबरणारे पुष्कळ असतात, म्हणून आधीच सांगते: तेव्हाच सगळ्यात वाईट दिसतं. डोकं उंच ठेवून झोपायचं. पहिले ४८ तास जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटं थंड शेक, बर्फ थेट कातडीवर नाही, स्वच्छ कापडात. मलमामुळे धूसर दिसतं, ते पुसलं की स्पष्ट दिसलं पाहिजे. दुखणं साध्या पॅरासिटामोलने थांबतं.

टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. काळंनिळंपण दहा दिवस ते दोन आठवडे, तोवर गालापर्यंत उतरतं आणि पिवळं पडत जातं. डोळ्यांचा मेकअप, म्हणजे काजळ, मस्कारा, दोन आठवड्यांनंतर आणि नव्या डब्यांतलं. वाकून वजन उचलणं, धावणं, जोर लावणं दोन ते तीन आठवडे नाही. पोहणं महिनाभर नाही. टेबलावरचं काम आठवडा-दहा दिवसांत सुरू करता येतं, पण पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, तेव्हा कृत्रिम अश्रूंचे थेंब जवळ ठेवा. धूसर दिसत असेपर्यंत गाडी चालवू नका. उन्हात काळा चष्मा.

घरात निदान पहिली रात्र कुणीतरी सोबत हवं. लहान मूल उचलावं लागत असेल तर त्याचीही सोय आधी करा, हे नेहमी ऐनवेळी लक्षात येतं.

ताबडतोब फोन कधी करायचा?

एका डोळ्यात वाढत जाणारी तीव्र वेदना, डोळा पुढे आल्यासारखा किंवा दगडासारखा टणक वाटणं, नजर कमी होणं, एकाचे दोन दिसणं, पट्टीतून न थांबणारं रक्त. यातलं काहीही असेल तर रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही. ताप, पू आणि वाढती लाली काही दिवसांनी दिसली तरी त्याच दिवशी दाखवा.

व्रण दिसेल का? निकाल किती टिकतो?

घडीतला व्रण काही आठवडे गुलाबी असतो, मग फिका होतो. पूर्ण मुरायला वर्षसुद्धा लागतं. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो, त्याआधी दोन डोळ्यांची तुलना करत बसू नका, सूज दोन्हीकडे सारख्या वेगाने उतरत नाही. वरच्या पापणीचा परिणाम बहुधा पाच ते दहा वर्षं किंवा जास्त, खालच्या पापणीचा त्याहूनही जास्त टिकतो. वय थांबत नाही, भुवया उतरत राहतात.

दुरुस्ती लागलीच तर साधारण सहा महिने वाट पाहतात. अपवाद डोळा न मिटण्याचा, तिथे बुबुळ वाचवण्यासाठी लवकर पावलं उचलतात.

शस्त्रक्रियेशिवाय काही उपाय नाही का?

आहेत, प्रत्येकाला मर्यादा आहे. बोटुलिनम टॉक्सिनच्या (बोटॉक्सच्या) इंजेक्शनने भुवईची बाहेरची बाजू थोडी उचलते आणि कडेच्या रेषा कमी होतात, परिणाम तीन-चार महिने. खोलगट भागात हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर भरतात. ते विरघळवता येतं ही जमेची बाजू, पण रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून ‘फक्त इंजेक्शनच आहे’ असं समजून कुठेही करून घेण्याचा प्रकार नाही. लेझरने बारीक सुरकुत्या सुधारतात. सावळ्या आणि गडद त्वचेत डाग पडण्याची शक्यता जास्त असते. टोसिससाठी ऑक्सिमेटाझोलीनचे ०.१ टक्क्याचे थेंब आहेत, अमेरिकेच्या औषध नियामकाने ते २०२० मध्ये मान्य केले. ते काही तासांपुरती पापणी उचलतात, सैल कातडीवर त्यांचा उपयोग नाही. क्रीम लावून चरबीची पिशवी जात नाही, कितीही महाग असलं तरी.

विम्यातून खर्च मिळतो का?

फक्त दिसण्यासाठी असेल तर सहसा नाही. कातडी किंवा पापणी नजरेच्या आड येत असेल, आणि दृष्टिक्षेत्र तपासणीत वरचा भाग झाकला जातोय हे सिद्ध झालं, तर काही विमा योजना मान्य करतात. पापणी चिकटपट्टीने उचलून तीच तपासणी पुन्हा करतात आणि दोन्हींतला फरक दाखवतात. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लेखी घ्या.

घरचे म्हणतात, या वयात कशाला. मी करू का?

आपला चेहरा आपल्याला बरा वाटावा यात गैर काहीच नाही, त्यासाठी कुणाला स्पष्टीकरण देत बसायची गरज नाही. दुसऱ्या कुणाच्या आग्रहाने मात्र करू नये, मग तो जोडीदार असो की नोकरीचं ठिकाण.

नुकतंच कुणी गेलंय, संसार मोडलाय, नोकरी गेलीय, असा काळ असेल तर काही महिने थांबा. पापण्या तेवढ्यात पळून जात नाहीत. आणि इतरांना न दिसणारा दोष तुम्हाला दिवसातले तासन्‌तास छळत असेल, आरशासमोरून हलवत नसेल, बाहेर जाणं टाळायला लावत असेल, किंवा आधीच्या एकाही उपचाराने समाधान झालं नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. स्वतःच्या रूपाबद्दलच्या या त्रासाला नाव आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ऑपरेशनने मात्र तो बहुधा वाढतो.

तारीख ठरली, पण मनात शंका आहे.

मग तारीख बदलून घ्या. नजरेच्या आड न येणारी सैल कातडी सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी काढली तरी वैद्यकीय नुकसान काहीच होत नाही. डोळे आलेले असतील, रांजणवाडी झाली असेल, खोकला किंवा सर्दी असेल, तरीही पुढे ढकला: खोकल्याच्या जोराने रक्तस्राव वाढतो. जवळच्या लग्नकार्याच्या आधी करायचं असेल तर निदान दोन महिन्यांचं अंतर ठेवा, आणि पैसे भरताना तारीख रद्द केली तर किती परत मिळतील, हे पावतीवर लिहून घ्या.